भिंतीवरचं ठिगळ

शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यात मोठ्यानं टाळ्या शिट्टीसरांनी वाजवल्या. आपण कशासाठी टाळ्या वाजवत होतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून ‘बसा’ म्हटलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या ज्याला बसायला सांगत, तो उठताना काहीतरी गळ्यात घेऊनच उठे. शिट्टीसर उठले ते दुसरीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास घेऊन.

शिट्टीसर खेळाचे शिक्षक. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण ते हजेरीपटापुरतं उरलं होतं. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि जगातल्या माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार: वेळेत पोचणारे आणि मागे राहणारे. आयुष्यात त्यांनी काढलेलं एकमेव चित्र म्हणजे मैदानावर फक्कीनं आखलेल्या पळण्याच्या रेघा, आणि त्याही मध्येच पोट सुटल्यासारख्या फुगलेल्या. हे त्यांनी मोठ्या बाईंना प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, नवा माणूस भरायला मंजुरी नाही, तुमचा तो तास रिकामा आहे, आणि चित्रकला म्हणजे तरी काय, मुलं ओळीत बसली आणि कागद रंगले की झालं.

मग जाता जाता त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सहामाही संपताना वरून तपासणीच्या बाई येणार होत्या, खास चित्रकला बघायला. दुसरीच्या वर्गात त्यांना काही दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर तो तास कायमचा बंद होऊन पाढेसरांकडे जाणार होता. पाढेसर गणित शिकवत. आठवड्याचं वेळापत्रक लागलं की ते त्यातल्या चित्रकलेच्या चौकोनाकडे असं बघत, जसं एखादा माणूस शेजाऱ्याच्या रिकाम्या पडलेल्या प्लॉटकडे बघतो.

शिट्टीसर मनात म्हणाले, घ्या, आजच घ्या.

पहिल्या तासाला त्यांनी कपाट उघडलं. जुन्या सरांनी मागे ठेवलेले रंग म्हणजे लाल, पिवळा, निळा आणि पांढरा यांच्या मोठ्या बाटल्या. बाकीचे रंग वाळून दगड झाले होते, आणि हिरव्याची बाटली तर शिपाईमामा दाराला टेकू म्हणून वापरत होते. पाढेसर डोकावून म्हणाले, हिरव्याशिवाय झाड कसं काढणार हो? आमच्याकडे बरं असतं, एक कमी पडला तर हातचा घेता येतो.

शिट्टीसरांनी शिट्टी मारली. मुलं ओळीत बसली. दुसरी शिट्टी मारली, मुलांनी कुंचले बुडवले. तिसऱ्या शिट्टीला काम बंद. इतका शिस्तबद्ध चित्रकलेचा तास त्या शाळेनं पाहिला नव्हता. सरांनी सगळे कागद एकावर एक रचले, गठ्ठा कपाटात ठेवला आणि वर स्वतःचा फुटबॉल ठेवला. पुढच्या आठवड्यात गठ्ठा बाहेर काढला, तेव्हा सगळ्या वर्गाची मिळून एक भक्कम वीट तयार झाली होती. ती फोडायचा प्रयत्न झाला. फुटली नाही. कागद ओला होता हे एवढ्या मुलांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही का, असं सरांनी करड्या आवाजात विचारलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आलं होतं. म्हणून मी दिलाच नाही.”

ती अजून. म्हणजे वर्गात तिला सगळे ‘अजून’ म्हणत, कारण गणित झालं का विचारलं तरी ‘अजून नाही’, डबा संपला का विचारलं तरी ‘अजून नाही’, आणि पळण्याच्या शर्यतीत तर ती शेवटच्या रेघेशी पोचे तेव्हा बाकीची मुलं पाणी पिऊन वर्गात बसलेली असत. पाढेसरांच्या तासाला तिचा निम्मा वेळ उभं राहण्यात जाई. शिट्टीसरांच्या स्टॉपवॉचनं तर तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. तिचं चित्र मात्र वर्गातलं एकमेव शिल्लक चित्र होतं. त्यात एक मांजर होती. अर्धी. बाकीची अजून व्हायची होती.

संध्याकाळी शिट्टीसरांनी बायकोच्या दुकानात जाऊन विटेची गोष्ट तिला सांगितली. बायको कोपऱ्यावर दोरे, बटणं आणि अस्तराचं दुकान चालवत असे. ती हसली नाही, कारण समोर गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाइकाचं कापड उचलून ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली, उजेडात त्यावर तीन रिळं ठेवून पाहिली, दोन उचलली आणि उरलेलं रीळ दिलं. मग आत येऊन हसली.

“अहो, तुम्हाला आकाशी आणि निळा यातला फरक लग्नानंतर कळला,” ती म्हणाली. “तुमच्याकडून पोरं काय शिकणार?”

“म्हणूनच म्हणतो, तो तास पाढेसरांना जाऊ दे.”

बायकोनं एक खण ओढून त्यांच्या पुढ्यात उपडा केला. सगळी पांढरी बटणं. म्हणाली, पांढऱ्या सदऱ्याचं एक बटण तुटलंय समजा, यातलं त्याच्या जोडीचं शोधून द्या. शिट्टीसरांनी एक उचललं. ती नाही म्हणाली. दुसरं उचललं. नाही. थोड्या वेळानं त्यांना दिसू लागलं, की पांढरं म्हणून जे आपण आयुष्यभर बघत आलो ते पांढरं नव्हतंच. एक दुधासारखं, एक दातासारखं, एक धुऊन धुऊन निळसर पडलेल्या बनियनसारखं. दुकान बंद करायची वेळ झाली तरी सर पायरीवर बसून बटणं जुळवत होते, आणि येणारंजाणारं गिऱ्हाईक त्यांना नवा नोकर समजत होतं.

पुढच्या तासाला तो खणच त्यांनी शाळेत नेला. दुसरीतली मुलं जमिनीवर पसरली आणि पांढऱ्यांची घराणी लावत बसली. शंकासुर नावानं ओळखला जाणारा एक मुलगा होता, त्यानं विचारलं की हे चित्रकलेत येतं का. सर म्हणाले, आजपासून येतं.

मग त्यांना जरा धीर आला. आपल्याला जे येतं तेच शिकवावं असं त्यांनी ठरवलं. त्यांना खांदा फिरवायला येत होता. त्यांनी वर्ग मैदानावर नेला, प्रत्येकाच्या हातात खडू दिला, आणि थाळीफेक शिकवावी तसं शिकवलं: मनगट गोठवा, कोपर सैल, हात खांद्यातून फिरवा. मैदानाच्या कडेच्या फरशीवर गोल उमटू लागले. पहिले गोल बटाट्यासारखे होते. आठवडाभरात ते भाकरीसारखे झाले, आणि महिन्याच्या शेवटी असे झाले की शिपाईमामा त्यांच्यावर पाय द्यायला कचरू लागले. मोठा गोल जमला की तोच लहान करून कागदावर. गोल जमला की लांबट गोल, त्याला कान लावले की मांजर, दांडा लावला की वांगं.

एकदा सर ‘जोडा काढा’ म्हणाले, तर निम्म्या वर्गानं पायातला काढला आणि निम्म्यानं कागदावर काढायला घेतला. सर म्हणाले, दोन्ही बरोबर. पायातला काढून बाकावर ठेवा, त्याच्याकडे दोनदा बघा आणि मग एकदा रेघ मारा. तोवर मुलं जो बूट काढत तो मनातला असे. मनातला बूट सगळ्यांचा सारखा असतो. बाकावरचा प्रत्येकाचा वेगळा निघाला. कोणाच्या बुटाची जीभ बाहेर, कोणाची नाडी एकाच बाजूला लांब, कोणाची टाच आतून झिजलेली. पाढेसर म्हणाले, वर्गाला वास येतोय. ते खरं होतं.

रंगांचं गाडं मात्र शिट्टीसर आणि मुलं मिळूनच पुढे ढकलत होते. हिरवा नव्हता, म्हणून पिवळ्यात निळा घालून करावा लागला. नारिंगी नव्हता, तो लालपिवळ्यातून निघाला. सगळेच एकत्र केले तर चिखल होतो हे प्रत्येकानं स्वतः एकदा करून खात्री करून घेतली. किती घालायचं याचं माप लागलं, तर चमच्यांचं भांडण होऊ लागलं. तेव्हा मुलांनी आपलीच मापं काढली: झुरळ, माशी आणि मुंगी. एक झुरळ पिवळ्यात माशीएवढा निळा घातला की गवत. मुंगीएवढा लाल घातला की तेच गवत उन्हात वाळलेलं. वर्गाबाहेरून जाणाऱ्याला आतून “अर्धं झुरळ उसनं दे” असं ऐकू आलं, तरी शाळेत आता त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं.

एका तासाला सरांनी बटणांचाच खेळ रंगांवर लावला. प्रत्येकानं एकेक वस्तू आणायची आणि कागदावर तिचा रंग हुबेहूब करून दाखवायचा. वर्गात घाई झाली, रंग झाले, सरांनी ‘वा’ म्हटलं, आणि कागद वाळल्यावर बघतात तो एकही जुळेना. ओला असताना अगदी तोच असलेला रंग वाळून भलताच होत होता. वर्ग चक्रावला. अजून अजून करतच होती. तिनं एक सुकत चाललेलं पान आणलं होतं. ती एक ठिपका लावी, हाताची घडी घालून बसे, तो पुरता वाळला की त्यावर पान ठेवून बघे, मान हलवी, आणि दुसरा ठिपका लावी. तास संपला. मधली सुट्टी संपली. शिट्टीसर सवयीनं शिट्टीकडे हात नेत होते आणि खाली घेत होते. शेवटी तिनं कागद त्यांच्यापुढे धरला. सर म्हणाले, ठिपके छान आहेत, पण पान कुठाय? सरांनी चष्मा लावला. पान कागदावरच होतं, आणि दिसत नव्हतं.

अजून हसली. ती दुसरीत आल्यापासून तिला हसताना सरांनी पाहिलं नव्हतं. पाढेसरांच्या तासाला हसायची सोय नव्हती, आणि मैदानावर तिला दम लागलेला असे.

त्या दिवशी घरी जाताना शिट्टीसरांच्या लक्षात आलं, की हा तास पाढेसरांना गेला तर या पोरीला अख्ख्या आठवड्यात उशीर न होणारी जागाच उरणार नाही. तपासणी जवळ आली होती. ज्या तासाची ब्याद टळावी म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी ठेवले होते, त्याच तासाच्या काळजीनं आता त्यांना जेवण जाईना. बायको म्हणाली, आता कळलं तुम्हाला आकाशी म्हणजे काय.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी पाढेसरांनी सभागृहात, पाहुणीच्या खुर्चीच्या बरोबर समोर, पाढ्यांचा एक भलामोठा फळा टांगला. चित्रकलेच्या तपासणीला पाढे कशाला, असं विचारायचं धाडस कोणी केलं नाही. फळा बावीसच्या पाढ्यापर्यंत होता आणि त्या मानानं खिळा लहान होता. खिळा निघाला, फळा आला, आणि येताना परातीएवढा गिलावा घेऊन आला.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गवंड्यानं येऊन भोक लिंपलं. मग रंगारी आला. त्यानं भिंतीचा मूळ रंग ज्या डब्यातला होता, तसलाच नवा डबा आणून फासला. भिंत जुनी होती. तिनं कितीतरी उन्हाळे, धूळ आणि मुलांचे खांदे सोसले होते, आणि तिचा मूळचा साय-रंग आता चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखा झाला होता. त्यात नवा तुकडा म्हाताऱ्याच्या तोंडात एकच कोरा दात असावा तसा चमकू लागला. रंगाऱ्यानं पांढऱ्या रंगाची बादली आणून त्यातल्या थोड्याशात दोनदा दुसरे रंग मिसळून पाहिले. लावताना जुळे, वाळल्यावर फिका पडे. त्याला कळत नव्हतं असं नाही, पण दुसरीकडे एक अख्खी इमारत त्याची वाट बघत होती, आणि एवढ्याशा तुकड्यापायी बसून राहणं त्याला परवडत नव्हतं. बादली इथेच ठेवतो म्हणाला आणि गेला.

मोठ्या बाईंनी तिथे फुलदाणी ठेवून पाहिली. ती ठेंगणी पडली. पडदा लावून पाहिला, तर तिथे काहीतरी लपवलंय हे लांबूनच कळू लागलं. शेवटी त्यांनी हुकूम काढला, की तपासणी चालू असेपर्यंत पाढेसरांनी त्या जागी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि काही झालं तरी हलायचं नाही. पाढेसर रुंदीला पुरेसे होते. ते मान खाली घालून वर्गावर निघून गेले.

शिट्टीसर पुढे झाले. म्हणाले, दुसरीचा वर्ग हे करून बघेल.

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “सर, ती सात वर्षांची मुलं आहेत. आणि बिघडलं, तर तो तास उद्याच्या तपासणीपर्यंतसुद्धा थांबायचा नाही, आजच जाईल.”

“चालेल,” सर म्हणाले.

दुपारी वर्ग सभागृहात आला. मुलं आधी काहीच न करता भिंतीसमोर बसून राहिली. बाईंना वाटलं घाबरली. ती बघत होती. शंकासुरानं विचारलं, हिचा नक्की कुठला रंग करायचा? वर फिका आहे आणि खाली, जिथे रांगेत उभं राहून आपण घासतो, तिथे मळका. ठिगळ बरोबर मधोमध होतं. म्हणजे रंग दोन करावे लागणार होते, आणि एकात दुसरा हळूच मिळवावा लागणार होता.

बादलीतला पांढरा वाटीत आला. दोन झुरळं पिवळा, माशीएवढा लाल. फार गोड झाला, आईस्क्रीमसारखा. मग त्याची हौस उतरवायला मुंगीएवढा निळा. लगेच ठिपका लागला आणि सगळा वर्ग एका सुरात हुश्श म्हणाला, कारण तो भिंतीत मिसळून गेला होता. मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, शाब्बास, आता फासा पटकन.

“अजून ओलंय,” मागून आवाज आला.

बाईंनी वळून पाहिलं. ही कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. घड्याळाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, शाळा सुटायची वेळ होत आलीय, सर, तुमची शिट्टी वाजवा आणि कामाला लावा.

शिट्टीसरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

“बाई, थांबावं लागेल.”

“किती?”

“ते आपल्या हातात नाही.”

इतकं साधं वाक्य त्या शाळेत मोठ्या बाईंना आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या. ठिपका वाळला आणि फिकट पडून भिंतीवरून ओरडू लागला. अजून उठून वाटीपाशी गेली. तिनं पुढचा ठिपका मुद्दाम गडद केला. तो करपलेल्या पिठल्यासारखा दिसत होता. बाईंनी डोळे मिटून घेतले. वाळला, तर जवळ आला. आणखी एक मुंगी. आणखी एक वाट बघणं. गाड्या फाटकाशी येऊन थांबल्या, पालक आत आले आणि तेही गप्प बसून भिंतीकडे बघू लागले, कारण बाकी सगळे बघत होते. शेवटी ओला असताना सपशेल चुकलेला दिसणारा एक रंग अजूननं पसंत केला, आणि मुलांनी तो, खाली येताना जरा जरा मळका करत, अख्ख्या ठिगळाला लावला. कुंचल्यानं कड दिसते म्हणून कडेला फाटक्या मोज्यानं टिपून घेतलं. भिंतीवर एक मोठा तपकिरी डाग तयार झाला.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आल्या. त्यांच्या हातात पडद्याचं कापड होतं. सभागृहात त्या पाचएक मिनिटं भिंतीसमोर फिरल्या, मग शिपाईमामांना बोलावून त्यांनी विचारलं की आपली तीच भिंत ना ही. पडदा त्यांनी घडी घालून परत पाठवला, आणि त्या आनंदात पाढेसरांना सांगायचं तेवढं राहून गेलं. शिट्टीसरांच्या ते लक्षात होतं. पण पाढेसर तोवर येऊन, नव्या कपड्यांत, भिंतीला पाठ लावून इतक्या निष्ठेनं उभे राहिले होते, की त्यांना हलवणं सरांच्या जिवावर आलं.

तपासणीच्या बाई काटक होत्या. चष्मा दोरीला, आणि हातात उन्हाची एक छत्री, जिला करडी म्हणावी तर जांभळी दिसे आणि जांभळी म्हणावी तर राख आठवे. त्यांनी दुसरीच्या मुलांचे कागद एकेक करून पाहिले. गोल पाहिले, बूट पाहिले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“रेघ थरथरतेय,” त्या म्हणाल्या. “पण बघून काढलेली दिसते.” आणि पुढे काहीच म्हणाल्या नाहीत. शिट्टीसरांना शर्यतीत दोघांची छाती एकदम फितीला लागावी आणि पंचानं तोंडच उघडू नये तसं झालं.

कागद खाली ठेवताना बाईंची नजर समोर गेली.

“हे सर आल्यापासून तिथे का उभे आहेत?”

पाढेसरांनी पाठ आणखी घट्ट दाबली. शेवटी शंकासुर उठून म्हणाला, “ते ठिगळ लपवताहेत, बाई. गिलावा त्यांच्याच फळ्यानं पडला.”

मोठ्या बाईंनी खुर्चीचा हात धरला. तपासणीच्या बाई उठल्या, पाढेसरांना दोन बोटांनी बाजूला केलं आणि भिंतीकडे पाहिलं. मग चष्मा लावला. मग नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ गेल्या. पाढेसरही वळून बघू लागले, आणि त्यांचा चेहरा बावीसचा पाढा मध्येच विसरल्यासारखा झाला.

“दिसतंय मला,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. “सगळी हयात रंगांत गेलीय माझी.” आणि त्यांनी एका जागी खात्रीनं बोट ठेवलं.

“नाही, बाई,” शंकासुर म्हणाला. “ती भिंतच आहे.”

बाईंनी बोट काढून घेतलं, त्याच्याकडे जरा बघितलं आणि विचारलं की हा रंग कोणी केला. सगळा वर्ग मागच्या रांगेकडे वळला. अजूननं मान खाली घातली, कारण सगळे आपल्याकडे वळतात ते कशासाठी, याचा तिचा अनुभव चांगला नव्हता.

बाईंनी छत्री उघडून तिच्यापुढे धरली. “हा रंग मला आजवर कोणी धड सांगू शकलेलं नाही. करून दाखवतेस?”

अजून बराच वेळ छत्रीकडे बघत राहिली. मग उठून ती दाराशी, उजेडात घेऊन गेली. मग वाटी. लाल, निळा, पांढरा, आणि शेवटी सगळ्यांना चुकीचा वाटलेला मुंगीएवढा पिवळा. कागदाच्या कपट्यावर ठिपका लागला. मोठ्या बाई म्हणाल्या, झालं बरं का, बाईंना पुढच्या शाळेत जायचंय. तपासणीच्या बाईंनीही घड्याळ पाहिलं.

“झालं का, बाळ?”

“अजून ओलंय.”

मोठ्या बाई काही बोलणार, तेवढ्यात तपासणीच्या बाई गुडघे मुडपून पहिलीच्या मुलांसाठी असलेल्या बुटक्या बाकावर बसल्या. त्या बसल्या म्हणून मोठ्या बाई बसल्या. पाढेसरांना उभं राहायचं कारण उरलं नव्हतं, तेही बसले. वरून आलेली तपासणी, शाळेची मुख्याध्यापिका, गणित आणि खेळ हे विषय, आणि दुसरीचा अख्खा वर्ग एका कपट्यावरचा ठिपका वाळायची वाट बघत बसला, आणि कोणी पाय हलवला नाही. शिट्टीसरांनी आयुष्यात एवढी चांगली ओळ लावलेली नव्हती.

पहिला ठिपका नापास झाला. दुसराही. तिसरा वाळल्यावर अजूननं कपटा कडेनं फाडला आणि छत्रीवर ठेवला. तपासणीच्या बाईंनी पुढे वाकून, कपटा गळून पडला की काय म्हणून आधी जमिनीवर शोधलं. मग हातानं छत्री चाचपली, तेव्हा तो बोटाला लागला.

त्या उठल्या आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, “हा तास हलवायचा नाही. वाढवता आला तर बघा. आणि मुलांना हेच सर राहू द्या.”

मोठ्या बाई म्हणाल्या की त्यांच्याही मनात अगदी हेच पहिल्यापासून होतं. पाढेसरांनी वेळापत्रकाकडे एकदा शेवटचं पाहिलं, आणि मग अजूनकडे गेले. ते तिला काय म्हणाले हे कोणी ऐकलं नाही, पण ती त्यांना झुरळ म्हणजे किती ते बोटानं दाखवताना दिसली. शिट्टीसरांनी काय करावं हे न सुचून दुसरीच्या प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन केलं, आणि रंगलेल्या हातानंच घाम पुसला. त्यामुळे संध्याकाळी दुकानात त्यांच्या बायकोनं त्यांना आधी ओळखलं नाही.

पण ती संध्याकाळची गोष्ट. त्याआधी, फाटकापर्यंत गेलेली तपासणीची गाडी थांबली. दार उघडलं, आणि बाई छत्री न उघडताच उन्हातून झपाझप चालत परत सभागृहात आल्या. वर्ग अजून तिथेच होता. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, लावला, आडव्या सरकल्या, उकिडव्या बसून तिरप्या नजरेनं पाहिलं, आणि एका जागी बोट टेकवून मुलांकडे वळल्या.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी अजूनकडे पाहिलं. तिनं वेळ घेतला.

“चुकलं, बाई,” ती शेवटी म्हणाली, मोठी माणसं लहानांना सांगतात तशा समजूतदार आवाजात. “पण घाई नाही. परत बघा.”